संचालन प्रणालीतील अंगभूत क्लाउड साठवण

संचालन प्रणालीतील अंगभूत क्लाउड साठवण म्हणजे संगणकाच्या किंवा मोबाईलच्या संचालन प्रणालीचा (ऑपरेटिंग सिस्टिमचा) भाग म्हणूनच येणारी आणि वापरकर्त्याच्या फाईली इंटरनेटद्वारे कंपनीच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा होय. विंडोजमधील वनड्राइव्ह, ॲपलच्या उपकरणांतील आयक्लाउड आणि अँड्रॉइड व क्रोमओएसमधील गूगल ड्राइव्ह ही तिची प्रचलित उदाहरणे आहेत. फाईल पडद्यावर दिसणे आणि ती यंत्रात प्रत्यक्ष असणे या एकेकाळी एकच असलेल्या गोष्टी या सेवांमुळे वेगळ्या झाल्या. फाईलवर नियंत्रण नेमके कोणाचे, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न त्यातूनच उभा राहिला आहे. अखंड इंटरनेट असलेल्या शहरात हा प्रश्न सहसा जाणवत नाही; गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागडसारख्या विरळ जोडणीच्या परिसरात तो रोजच्या कामात पुढे येतो.

पार्श्वभूमी

वैयक्तिक संगणकाच्या पहिल्या दोन दशकांत फाईल म्हणजे हार्ड डिस्कवर किंवा फ्लॉपीवर असलेली वस्तू होती. ती दुसरीकडे न्यायची असेल तर फ्लॉपी, पुढे सीडी आणि त्यानंतर पेन ड्राइव्ह खिशात घालून न्यावी लागे. ॲपलने २००० साली आयडिस्क ही ऑनलाइन साठवण उपलब्ध करून दिली, पण तेव्हाच्या इंटरनेटच्या वेगात तिचा उपयोग मर्यादित राहिला. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये विंडोज लाइव्ह फोल्डर्स ही सेवा सुरू केली. तिचेच नाव लवकरच स्कायड्राइव्ह झाले. ब्रिटनमधील स्काय या दूरचित्रवाणी कंपनीने या नावाला न्यायालयात आव्हान दिले. २०१३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला आणि २०१४ मध्ये सेवेला वनड्राइव्ह हे नाव मिळाले.

२००८ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ड्रॉपबॉक्सने समक्रमणाची (सिंक करण्याची) कल्पना लोकप्रिय केली. मात्र ड्रॉपबॉक्स हे वापरकर्त्याने स्वतः उतरवून बसवायचे सॉफ्टवेअर होते आणि त्याच्या फोल्डरमध्ये काय टाकायचे हे वापरकर्ताच ठरवीत असे. ऑक्टोबर २०११ मध्ये आयओएस ५ सोबत आलेल्या आयक्लाउडने आणि २०१३ च्या विंडोज ८.१ ने साठवण थेट प्रणालीत आणली. येथून निवडीची दिशा उलटली. पूर्वी क्लाउड हवे असल्यास वापरकर्त्याला काही करावे लागे. आता ते नको असल्यास काही करावे लागते.

प्रणालीचा भाग असणे म्हणजे कायमस्वरूपी असणे नव्हे. उबुंटू या लिनक्स-आधारित प्रणालीत २००९ पासून उबुंटू वन ही अंगभूत साठवण होती. कॅनॉनिकल या कंपनीने ती १ जून २०१४ रोजी बंद केली आणि फाईली उतरवून घेण्यासाठी वापरकर्त्यांना जुलैअखेरपर्यंत मुदत दिली. ॲपलची आयडिस्कही त्याआधी २०१२ मध्ये बंद झाली होती.

कार्यपद्धती

या सेवांच्या मुळाशी समक्रमण ही क्रिया असते. यंत्रावरील ठरावीक फोल्डरमध्ये झालेला प्रत्येक बदल सर्व्हरवर आणि तेथून त्याच खात्याच्या इतर यंत्रांवर पोहोचतो. समक्रमण आणि बॅकअप यांत मूलभूत फरक आहे. बॅकअप म्हणजे मूळ फाईलपासून अलग ठेवलेली प्रत. मूळ फाईल खराब झाली तरी ती शाबूत राहते. समक्रमणात मूळ आणि प्रत असा भेदच उरत नाही. एका यंत्रावर पुसलेली फाईल सर्व यंत्रांवरून जाते. वैयक्तिक वनड्राइव्ह खात्यात ती कचरापेटीत ३० दिवस राहते, त्यानंतर नाहीशी होते. विंडोजच्या सेटिंगमध्ये मात्र ही सुविधा ‘बॅकअप’ याच नावाने दाखविली जाते आणि अनेक गैरसमजांचे मूळ या नावात आहे.

दुसरी महत्त्वाची क्रिया फोल्डरच्या स्थलांतराची आहे. विंडोजमध्ये हे ‘बॅकअप’ सुरू केल्यावर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वापरकर्त्याच्या मूळ जागेवरून वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हलविले जातात. पडद्यावरील चिन्हे जागच्या जागी दिसतात, पण फाईलचा पत्ता बदललेला असतो. सुविधा बंद केल्यावर फाईली आपोआप मूळ जागी परतत नसत. डेस्कटॉप रिकामा होई आणि फाईली वनड्राइव्हच्या फोल्डरात राहत. सर्व काही पुसले गेले, अशी समजूत त्यामुळे होत असे. ॲपलच्या मॅकओएसमध्ये २०१६ च्या सिएरा आवृत्तीपासून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आयक्लाउडमध्ये ठेवता येतात. तेथेही ही सोय बंद केल्यास मॅकवर त्या नावांचे नवे रिकामे फोल्डर तयार होतात आणि जुन्या फाईली आयक्लाउड ड्राइव्हमध्ये राहतात.

तिसरी क्रिया सर्वांत परिणामकारक आहे. यंत्रातील जागा वाचविण्यासाठी प्रणाली फाईलचा मजकूर काढून घेते आणि तिचे नाव, आकार, दिनांक व चिन्ह एवढेच मागे ठेवते. अशा फाईलला ‘केवळ ऑनलाइन’ फाईल म्हणतात. तिच्यावर दोनदा क्लिक केल्यास मजकूर सर्व्हरवरून उतरवला जातो आणि मगच ती उघडते. विंडोज ८.१ मध्ये ही पद्धत होती, पण फाईल दिसते आणि तरीही उघडत नाही याचा उलगडा वापरकर्त्यांना होत नसल्याने विंडोज १० मधून ती वगळण्यात आली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘फाइल्स ऑन-डिमांड’ या नावाने, फाईलशेजारी स्थिती दाखविणाऱ्या चिन्हांसह, ती परत आली. ढगाचे चिन्ह असल्यास फाईल केवळ ऑनलाइन आहे, पांढऱ्या वर्तुळातील हिरवी खूण असल्यास ती तूर्त यंत्रात आहे आणि भरीव हिरव्या वर्तुळातील खूण असल्यास ती कायम यंत्रात ठेवली जाणार आहे, असा त्यांचा अर्थ आहे. फाईलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘साइझ’ काही मेगाबाइट आणि ‘साइझ ऑन डिस्क’ शून्य दिसत असेल, तर ती फाईल यंत्रात नाही, हे निश्चित समजावे. दीर्घकाळ न उघडलेल्या फाईली यंत्रातील जागा कमी पडल्यास प्रणाली स्वतःहून केवळ ऑनलाइन करू शकते.

पूर्वनिर्धारित निवड

बहुसंख्य वापरकर्ते यंत्र सुरू करताना पुढे आलेली निवड बदलत नाहीत. त्यामुळे ती निवड कोणती असावी, हा या क्षेत्रातील खरा वादविषय आहे. जून २०२४ मध्ये, नव्या संगणकावर विंडोज ११ ची मांडणी करताना स्पष्ट विचारणा न होताच फोल्डरचे ‘बॅकअप’ सुरू होत असल्याची वृत्ते तंत्रज्ञानविषयक प्रकाशनांत आली. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने वर्डच्या चाचणी आवृत्तीत नवा दस्तऐवज आपोआप क्लाउडवरच जतन करण्याची पद्धत आणली. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यानंतरचे एक वर्ष घरगुती वापरकर्त्यांना अद्यतने विनामूल्य मिळविण्याचा एक मार्ग देण्यात आला; मात्र त्यासाठी आपली सेटिंग्ज वनड्राइव्हवर समक्रमित करण्याची अट होती.

याला व्यावसायिक कारण आहे. वनड्राइव्ह आणि आयक्लाउड या दोन्ही सेवांत ५ जीबी जागा विनामूल्य मिळते आणि त्यापुढे मासिक किंवा वार्षिक शुल्क लागते. वनड्राइव्हची विनामूल्य मर्यादा पूर्वी १५ जीबी होती. ती ५ जीबीवर आणण्याची घोषणा नोव्हेंबर २०१५ मध्ये झाली. छायाचित्रांनी भरलेला फोल्डर आपोआप क्लाउडकडे जाऊ लागला की ५ जीबी लवकर संपतात आणि जागा विकत घेण्याच्या सूचना सुरू होतात. दुसऱ्या बाजूने पाहता, ज्यांनी कधीच बॅकअप घेतला नसता अशा असंख्य लोकांच्या फाईली यंत्र चोरीस गेल्यावर किंवा डिस्क निकामी झाल्यावर याच सेवांमुळे वाचतात. टीका सेवेवर कमी आणि न विचारता ती सुरू होण्यावर अधिक आहे.

जोडणी विरळ असलेला प्रदेश : सूरजागड

सूरजागड हे गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील माडिया गोंड वस्तीच्या वनप्रदेशातील ठिकाण आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. तो दीर्घकाळ नक्षलप्रभावित म्हणून ओळखला गेला आणि त्याच्या दुर्गम भागांत मोबाईल सेवा प्रामुख्याने केंद्र सरकारच्या विशेष योजनेतून, भारत संचार निगमच्या टू-जी मनोऱ्यांद्वारे पोहोचली. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील अशा २,३४३ ठिकाणांची सेवा टू-जीवरून फोर-जीवर नेण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली. याचाच अर्थ असा की, शहरात फाईली क्लाउडवर ठेवणे सवयीचे होऊन गेल्यानंतरही या प्रदेशांतील मनोरे केवळ आवाजाच्या आणि अत्यल्प वेगाच्या सेवेपुरते होते.

आकडेमोड साधी आहे. ५ जीबी म्हणजे सुमारे ४०,००० मेगाबिट. सेकंदाला १ मेगाबिट एवढा वेग अखंड मिळाला तर तेवढ्या फाईली सर्व्हरवर चढण्यास सुमारे ११ तास लागतात. टू-जीच्या चांगल्या स्थितीतील सुमारे ०.२ मेगाबिट वेगाने हाच काळ ५५ तासांवर जातो. लॅपटॉपला इंटरनेट देण्यासाठी मोबाईलचे हॉटस्पॉट वापरले जात असेल, तर वापरकर्त्याच्या नकळत चालू असलेले समक्रमण दिवसभराचा डेटा पॅक काही मिनिटांत संपवू शकते. हॉटस्पॉटची नोंद ‘मीटर्ड’ जोडणी म्हणून केल्यास वनड्राइव्ह समक्रमण थांबवू शकते, पण ही नोंद अनेकदा वापरकर्त्याने स्वतः करावी लागते.

या भागात फाईल हाताशी असण्याला विशेष महत्त्व येते ते जमीन आणि जंगल यांवरील दाव्यांमुळे. सूरजागड येथील ३४८.०९ हेक्टर क्षेत्रावर लोहखनिजासाठी २००७ मध्ये खाणपट्टा देण्यात आला आणि तेव्हापासून खाण, वनहक्क आणि ग्रामसभांची संमती हे विषय तेथे वादाचे राहिले आहेत. वनहक्क कायदा, २००६ खालील नियमांनुसार दाव्यासाठी शासकीय अभिलेख, गॅझेटियर, नकाशे, उपग्रह प्रतिमा आणि गावातील वडीलधाऱ्यांची लेखी कथने असे पुरावे देता येतात. दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. पुढे तो उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीकडे जातो. याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावाच्या यशामागे काटेकोरपणे राखलेल्या नोंदींचा मोठा वाटा मानला जातो.

ग्रामसभेचे ठराव, हद्दीच्या जीपीएस नोंदी, स्कॅन केलेले जुने अभिलेख आणि शिवारफेरीची छायाचित्रे आता बहुधा लॅपटॉपवर किंवा मोबाईलवर असतात. तालुक्याच्या ठिकाणी, चांगल्या जोडणीवर समक्रमित झालेली आणि नंतर प्रणालीने केवळ ऑनलाइन केलेली फाईल गावातील सभेत नावाने दिसते, पण उघडत नाही. ती पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी म्हटले तरी जमत नाही, कारण नक्कल करण्यासाठीही मजकूर आधी सर्व्हरवरून यावा लागतो. पर्यावरणीय जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी देण्याचे बंधन आहे. हरकतीची कागदपत्रे त्याच मुदतीत जमवायची असताना असा अडथळा किरकोळ राहत नाही. उपाय अवघड नाही. फोल्डरवर उजवे क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ हा पर्याय निवडल्यास त्यातील सर्व फाईली यंत्रात राहतात. मात्र ही निवड जोडणी असतानाच करावी लागते, आणि तिची गरज जोडणी नसताना कळते.

मराठी फाईलींची विशेष अडचण

मराठीत आणखी एक अडचण आहे, जी इंग्रजी वापरकर्त्यांना सहसा भेडसावत नाही. युनिकोड सार्वत्रिक होण्याआधी महाराष्ट्रातील कार्यालये, छापखाने आणि वृत्तपत्रे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम किंवा कृतिदेवसारखे फाँट वापरीत. या फाँटमध्ये टंकित केलेला मजकूर फाईलमध्ये देवनागरी म्हणून नव्हे, तर रोमन अक्षरे व इतर चिन्हे यांच्या सांकेतिक क्रमांकांच्या रूपात साठविलेला असतो. देवनागरी आकार तेवढा फाँट देतो. क्लाउड सेवा फाईल जगात कोठेही पोहोचवते, पण फाँट मूळ यंत्रातच राहतो. दुसऱ्या यंत्रावर किंवा ब्राउझरमध्ये तीच फाईल निरर्थक रोमन चिन्हांची दिसते, आणि ‘ठराव’ हा शब्द क्लाउडच्या शोधपेटीत टाकून अशी फाईल सापडत नाही. जुन्या फाईली युनिकोडमध्ये रूपांतरित करणे, किंवा त्यांची फाँटसह पीडीएफ प्रत ठेवणे, हेच त्यावरील व्यवहार्य मार्ग आहेत.

खाते, कंपनी आणि कायदा

अंगभूत साठवणीत फाईलपर्यंतचा मार्ग खात्यातून जातो. खाते बंद झाले की केवळ ऑनलाइन असलेल्या फाईलीही बंद होतात. खाते बंद होण्याची कारणे अनेक असतात : दोन वर्षे वापर नसलेली वैयक्तिक खाती हटविण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले, मर्यादेपेक्षा अधिक जागा दीर्घकाळ व्यापणारे वनड्राइव्ह खाते आधी गोठविले आणि नंतर रिकामे केले जाऊ शकते, आणि स्वयंचलित तपासणीत आक्षेपार्ह ठरलेल्या एका फाईलमुळे संपूर्ण खाते जाऊ शकते. अमेरिकेतील एका पित्याने आजारी मुलाची डॉक्टरांसाठी काढलेली छायाचित्रे अशा तपासणीत अडकली. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरविले, तरीही त्याचे गूगल खाते परत मिळाले नाही, हे प्रकरण ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात या प्रश्नाची जाणीव मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या प्रकरणाने तीव्र केली. रशियाच्या रॉसनेफ्टचा मोठा हिस्सा असल्याने युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी या कंपनीवर निर्बंध लादले. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेल व इतर सेवा बंद केल्या. परवान्याचे पैसे पूर्ण भरलेले असूनही स्वतःचीच माहिती वापरता येत नाही, असे म्हणत नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. महिनाअखेर सेवा पूर्ववत झाल्या. निर्बंध युरोपचे, सेवा देणारी कंपनी अमेरिकी आणि ग्राहक भारतीय अशी ही गुंतागुंत होती. शेकडो कर्मचारी आणि वकील असलेल्या उद्योगाची जेथे अशी अवस्था झाली, तेथे एकट्या वापरकर्त्याचे बळ किती, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला.

सर्व्हर देशात असल्याने हा प्रश्न आपोआप सुटत नाही. मायक्रोसॉफ्टचे ‘सेंट्रल इंडिया’ नावाचे माहिती केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे. ॲमेझॉन (२०१६) आणि गूगल (२०१७) यांनी मुंबईत आपली केंद्रे उभारली. ‘क्लाउड’ म्हणजे ढग हा शब्द सुचवितो तसे हे काही आकाशात नसून वीज आणि पाणी लागणाऱ्या इमारती आहेत. पण इमारतीचा पत्ता आणि खात्याची किल्ली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किल्ली वापरकर्त्याकडेच राहील अशी कूटबद्धीकरणाची (एन्क्रिप्शनची) सोय ॲपलने डिसेंबर २०२२ पासून ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ या नावाने दिली. ब्रिटिश सरकारच्या मागणीनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये ती ब्रिटनमधील वापरकर्त्यांसाठी मागे घेण्यात आली. या सोयीची दुसरी बाजू अशी की, किल्ली हरवली तर कंपनीही फाईली परत मिळवून देऊ शकत नाही.

भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ व्यक्तीला आपल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा, तसेच मृत्यूनंतर हे हक्क बजावण्यासाठी वारस नेमण्याचा हक्क देतो. आपली माहिती एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे उचलून नेण्याचा हक्क २०१९ च्या विधेयकात होता. २०२३ च्या अधिनियमात तो नाही. युरोपीय संघाच्या कायद्यात तो आहे.

डिजिलॉकर

जुलै २०१५ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची डिजिलॉकर ही सेवा संचालन प्रणालीचा भाग नसली, तरी तुलनेसाठी महत्त्वाची आहे. तीत ‘जारी केलेला’ दस्तऐवज, उदाहरणार्थ वाहन परवाना, प्रत्यक्षात नागरिकाच्या खात्यात साठविलेला नसतो. जारी करणाऱ्या विभागाकडील नोंदीचा दुवा तेथे असतो. विभागाने मूळ नोंद बदलली की नागरिकाला दिसणारा दस्तऐवजही बदलतो. फाईल खोटी करणे त्यामुळे कठीण होते, परंतु गेल्या वर्षी ती नोंद कशी होती हे दाखविण्यासाठी नागरिकाने त्या वेळी स्वतंत्र प्रत उतरवून घेतलेली असावी लागते.

पर्याय

स्वतःच्या किंवा संस्थेच्या सर्व्हरवर चालविता येणारे नेक्स्टक्लाउड (२०१६) आणि कोणत्याही मध्यवर्ती सर्व्हरविना दोन यंत्रांत थेट समक्रमण करणारे सिंकथिंग (२०१३) ही मुक्त स्रोत सॉफ्टवेअरे या संदर्भात सुचविली जातात. सिंकथिंग इंटरनेट नसतानाही एकाच वाय-फायवरील यंत्रांत काम करते, त्यामुळे विरळ जोडणीच्या प्रदेशात ते विशेष उपयोगी ठरू शकते. मात्र ते बसविण्यास काही तांत्रिक सराव लागतो. बॅकअपच्या क्षेत्रात तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक अन्यत्र असा प्रचलित दंडक आहे. क्लाउडवरील प्रत त्यांपैकी ‘अन्यत्र’ असलेली मानली जाते. उरलेल्या दोन वापरकर्त्याच्या यंत्रात आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर असणे अपेक्षित असते, आणि केवळ ऑनलाइन असलेल्या फाईलीची त्यांत गणना होत नाही.